गोधडीचा घास

मारोतीने बॅनरच्या खालच्या दुमडीत भाकरीचा कुटका सरकवला, इकडेतिकडे पाहिलं आणि दाभणाने घाईघाईने चार टाके घातले. नायिकेच्या चेहऱ्याचा रंग अजून ओला होता. दुपारी हा बॅनर गुलबर्ग्याच्या टॉकीजवर चढायचा होता.

"चेहऱ्याला लागून असला हिरवा लावायची दुसऱ्या कुणाची छाती न्हाई," टॉकीजचे मॅनेजर भगवानराव म्हणाले. "उस्तादाचा हात दिसतोय बघ."

मारोती नुसता हसला. सोलापूरच्या एका मोठ्या पेंटरकडे आपण पाच वर्षं होतो, ही थाप त्याने काम मागतानाच मारली होती. सोलापूर त्याने बसच्या पाटीवर तेवढं पाहिलं होतं. पण खरं तरी काय सांगणार? करजगीत आई लोकांच्या गोधड्या शिवायची, तिच्यापुढं बसून तो चिंध्या निवडायचा, लाल चिंधीशेजारी कुठला तुकडा खुलतो ते बघायचा, एवढंच? असल्या शिक्षणावर कोण ब्रश हातात देतं! थाप निभावता निभावता आठ वर्षं गेली. आईला इथं बोलवायचा धीर झाला नाही. टॉकीजच्या गोदामात रंगाच्या डब्यांशेजारी तो एकटाच जेवायचा, एकटाच निजायचा, आणि आपलं काम तिने एकदा तरी बघावं म्हणून जीव तुटायचा.

आणि आज त्याची आई, सावित्रीबाई, न कळवताच गोदामाच्या दारात उभी. काखेत गाठोडं.

"आई! एकटीच आलीस?"

"मग काय वरात आणू? तू येईनास, म्हणून मीच आले."

भगवानरावांनी स्टूल पुढं केलं. "बसा अक्का. पोराला त्या सोलापूरच्या पेंटरकडं ठेवलात, नशीब काढलंत त्याचं."

मारोतीचा ब्रश जागच्या जागी थांबला. आईने त्याच्याकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "लई मोठा माणूस होता म्हणं."

भगवानराव बॅनर उचलायला माणसं आणायला गेले. आई स्टूल सोडून खाली बसली. तिची बोटं सवयीने बॅनरच्या दुमडीवरून फिरत कोपऱ्यातल्या कुटक्यावर आली. गोधडी उपाशी ठेवायची नाही, शेवटच्या कोपऱ्यात घास घालूनच शिवायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. लहानपणी तो घास घालायचं काम मारोतीचं. तेवढ्यासाठी आई कोपरा उघडा ठेवून त्याची वाट बघायची.

आता तरी हिने चार शिव्या द्याव्यात, असं त्याला वाटलं.

"शिळा कुटका घालू नको," ती म्हणाली. "उंदरं लागत्यात."

"आई, मी..."

"माझी बस हाय चारची. येळंवर जेवत जा."

गाठोडं तिथंच ठेवून ती गेली.

बॅनर चढला. लोक माना वर करून बघत होते. मारोती गोदामात परतला आणि त्याने गाठोडं सोडलं. वर फडक्यात भाकऱ्या, खाली नवीकोरी गोधडी. लाल तुकड्याला लागून हिरवा. एक कोपरा उघडाच होता, दोरा ओवलेली सुई तिथं टोचून ठेवलेली. घरून निघतानाच तिने ती तशी आणली होती.

"मी सोलापूरला कधी गेलोच न्हाई," तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला गोदामात कुणी नव्हतं. मग त्याने हात धुतले, भाकरीचा घास मोडला आणि सुई उचलली.