सबंध आकडा

बेबी पावडरचा गोड वास. नैवेद्याला ठेवलेली, नळी घातलेली लाल सरबताची बाटली. फरशीवर खडूनं लिहिलेला आकडा. तीनने भाग जात नाही. विहारात रिकामी शवपेटी, झाकण भिंतीला टेकवलेलं. सातनेही नाही.

कालव्यातून ओढून काढलेला ताकियनच्या झाडाचा ओंडका विहाराच्या अंगणात पडला होता. ताकियनच्या झाडात एका बाईचा आत्मा राहतो. गाव तिला आई म्हणतं. पावडर लावून लाकूड चोळलं की आई आकडा दाखवते, आणि लॉटरीवाले त्याचं शेपूट, म्हणजे शेवटचे तीन अंक, उचलून पळतात. आज शेपूट होतं ३७७.

पिकुनला लॉटरी नको होती. तिचा नवरा थवी पावसाळ्यात कालव्यात नाव घेऊन गेला, तो आलाच नाही. उद्या त्याची पेटी रिकामीच जाळायची होती, फक्त तिनं हो म्हणायचं राहिलं होतं. तिच्या माहेरी मूठभर तांदळाचे सारखे ढीग पाडतात. दाणा न उरता वाटणी झाली, तर बेपत्ता माणूस जिवंत, नाहीतर गेला. तिनं ओंडक्यातल्या आईला तसाच कौल मागितला होता: आकड्याला भाग गेला, तर थवी जिवंत.

गणिताचे म्हातारे मास्तर सनुआन फरशीवर खडूनं भागाकार करत होते. “तेरानं जातोय बघ. तेरा एकोणतीस, तीनशे सत्त्याहत्तर!”

“बघ, मी म्हणत नव्हते?” मोठी नणंद चमनियन जवळजवळ नाचलीच. “मेला कुठेतरी ताडी पीत पडला असेल माझा भाऊ. ऊठ, पेटी परत कर.”

पिकुन उठली नाही. तिनं ओल्या भागावर पुन्हा पावडर चोळली. ३७७च्या डावीकडे आधी शून्य उमटलं, त्याच्या डावीकडे पाच, मग तीन.

“पी चमनियन,” तिनं थोरलीला मानानं हाक मारली, “आकडा अजून आहे.”

“अगं, सगळं जग शेपूटच घेतं!”

“लॉटरीला शेपूट चालतं. माणसाला कसं चालेल?”

३५०३७७. मास्तर पुन्हा भागायला बसले. अकरा, तेरा, सतरा. दर वेळी काहीतरी उरायचं. ऊन कडक होतं, तरी ओंडक्याखालची ओल वाढतच होती. सहाशेच्या अलीकडे मास्तर थांबले.

“पुढे?” चमनियन म्हणाली.

“पुढे बघायची गरज नसते, सहाशेचा वर्गच आकड्याहून मोठा. मूळ संख्या आहे. हिला दोघंच भागतात. एक, आणि ती स्वतः.”

“स्वतः म्हणजे थवी,” पिकुन म्हणाली. “मग ती एक कोण?”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. ओंडक्याकडे मात्र कोणीच पाहिलं नाही.

“जाळा पेटी,” पिकुन म्हणाली. चमनियन तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली.

ओंडका वर काढला, त्या दिवशी त्याच्या माणूस मावेल एवढ्या ढोलीतला गाळ कोणी उपसला नव्हता.