पाच तास वीस मिनिटं

दादाच्या जावयाला वाटतं, विमान आमच्या अंगणातूनच उडतं.

त्या दिवशी तो फोन नाचवत आला. "आत्या, तीन हजार नऊशे किलोमीटर. पाच तास वीस मिनिटं! सकाळी निघाली की दुपारी गिऱ्हाइकाच्या दारात. कप्प्यात पंचवीस भरा."

आम्ही अंडी उबवतो आणि एका दिवसाची पिल्लं बाहेरगावी, कधी परदेशातही पाठवतो. खोक्याला चार कप्पे. जवळच्या गावाला कप्प्यात पंचवीस, लांबच्या प्रवासाला वीस. जास्त कोंबली की आधी एकमेकांच्या उबेने सुखावतात, मग गुदमरून मरतात. सव्वीस वर्षं मी हेच करतेय.

"जावईबापू, पाच तास विमान हवेत असतं," मी म्हटलं. "इथून विमानतळ तीन तास. तिथे चार तास आधी माल द्यायचा. पलीकडे जनावरांचा डॉक्टर तपासणार, तो आधी जेवून येणार, मग शिक्का. सोळा तास धरा. वीसच भरायची."

"फोन खोटं बोलतो का, आत्या?"

फोन खोटं बोलत नव्हता. त्याला पिल्लांचं कोणी विचारलंच नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणारा हा माणूस, त्याने आयुष्यात एक पिल्लू हातात धरलेलं नाही!

मी दादाकडे पाहिलं. दादा चष्मा पुसायला लागला. अडचण आली की त्याचा चष्मा मळतो. "नवा माणूस आहे," तो म्हणाला. "घे सांभाळून."

मी दातओठ खात भरायला बसले. पन्नास खोकी होती. पहिल्या वीस खोक्यांत मी गुपचूप कप्प्याला वीसच घातली. उरलेली चारशे मागच्या खोलीत दिव्याखाली ठेवली. कमी गेली म्हणून बोलणी खायची तयारी होती. मग जावई शेजारी येऊन मोजत उभा राहिला आणि पुढची तीस खोकी मी तो म्हणेल तशी भरली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने व्हिडिओ पाठवला. काही खोक्यांत पिल्लं चिवचिवत होती. काहींत निम्मी आडवी पडली होती.

"बघा मामा," जावई दादाला म्हणाला, "आत्यांच्या कामात मेळच नाही!"

चोराच्या उलट्या बोंबा! मी फोन हिसकावला, व्हिडिओ थांबवला. "मोजा. जिथे सगळी जिवंत आहेत, तिथे कप्प्यात किती?"

त्याने दोनदा मोजलं. "वीस."

"आणि इथे? मेलेली धरून मोजा."

"पंचवीस," तो पुटपुटला. मी दोघांना मागच्या खोलीत नेलं. चारशे पिल्लांनी खोली डोक्यावर घेतली होती. "ही तुमच्या पाच तास वीस मिनिटांतून वाचली," मी ओरडले.

जावयाने मान खाली घातली. दादाने एक पिल्लू ओंजळीत घेतलं आणि हळूच विचारलं, "तुला माहीत होतं ना? मग बाकीच्या तीस खोक्यांत का नाही केलंस?"

'तू सांगितलंस म्हणून' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण दादाचं न ऐकता मी आजवर थोडं का केलंय? खरं सांगायचं तर त्या वेळी वाद घालायचा मला कंटाळा आला होता. भूक लागली होती. सोळा तासांचा हिशोब तोंडपाठ असलेली मी, त्या पिल्लांसाठी दहा मिनिटं भांडले नाही.