भावाचं हक्कसोडपत्र

निबंधक कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसलेल्या शांतलिंगनं छापलेला दस्त पुढे सरकवला आणि पेन शिवांजलीच्या हातात दिलं.

"ताई, इथं सही करा."

"सही याची आहे. कृष्णराजची." तिनं शेजारी उभ्या भावाकडे बोट दाखवलं.

शांतलिंगनं चष्मा कपाळावर चढवला. "हक्कसोड हाय ना? मग बहिणीचीच की. भावाचं हक्कसोड म्या जन्मात लिहिलं न्हाय."

सांगितलं होतं उलटं. पण मुरुम गावच्या जमिनीतला वाटा बहीण भावाला सोडते, असं त्यानं सवयीनं टाइप केलं होतं.

दोघांचे वडील, आबा, महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "ऱ्हाऊ द्या तसंच. यंत्रालाबी कळतंय."

बावीस वर्षांचा कृष्णराज त्यांचा एकुलता एक मुलगा. नर्सिंग करून तो सोलापुरात मिशनच्या दवाखान्यात, क्षयाच्या वॉर्डात लागला होता. तिथल्या सिस्टरांनी त्याला अलोयसियस गोन्झागा या संताचं चरित्र वाचायला दिलं. इटलीतल्या सरदाराचा थोरला मुलगा. जहागिरीवरचा हक्क त्यानं धाकट्या भावाला लिहून दिला, संन्यास घेतला, प्लेगचे रोगी पाठीवर वाहिले आणि तेवीस वर्षांचा असताना त्याच साथीत गेला. पुस्तक संपल्यावर कृष्णराजनं घरी फोन केला: माझा वाटा ताईच्या नावे करा. धर्म बदलायचा नव्हता. शेतीकडे परत यायचं नव्हतं.

शिवांजली धाराशिवच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. क्षयाच्या जंतूंची स्लाइड ती दरवर्षी दाखवायची: निळ्यावर बारीक लाल काड्या. फोन आल्यापासून त्या काड्या तिला भावाच्या छातीत दिसत होत्या. आता या चुकलेल्या दस्तावर तिनं फक्त सही करायची होती. जमीन त्याच्या गळ्यात पडली असती, आबांनी त्याला घरी ओढून आणलं असतं.

तिनं पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"त्या संताच्या भावानं त्याला अडवलं न्हाय का रे?"

"पुस्तकात न्हाय ते."

"भावाचं कोण लिहितंय! मास्क घालतोस?"

"तूच पाठवलेले."

"रोज नवा?"

कृष्णराज ओशाळला. "कधी कधी कालचाच."

"गाढवा!"

"चल, सही कर शिवे," आबा म्हणाले. "पोरगं घरी येईल."

आबांना तो दस्त वाचावाही वाटला नव्हता. भाऊ शेतीत राहिला असता तर तिच्या नावाचा हक्कसोडीचा असाच कागद एक दिवस घरी आला असता, पेन असंच हातात आलं असतं, आणि तिला काय हवं ते कुणी विचारलं नसतं. आज तेच ती कृष्णराजला करायला निघाली होती.

तिनं पेन टेबलावर ठेवलं. "शांतलिंगकाका, नावं बदला."

"अगं, मरंल की तो तिथं!" आबांचा आवाज चिरकला.

प्रिंटर घरघरला. कृष्णराजनं सही केली, मग आत अंगठा द्यायला गेला. शिवांजली बाहेर कार्यालयाच्या दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत फोनवर मास्क मागवत राहिली. वर्षभराचे मागवले, मग आणखी एका वर्षाचे.