साठ फुटांचा दोर

त्या दिवशी मी दुसऱ्या बागेत होतो. आमच्या खात्याकडे सात बागा आहेत, आणि धोक्याची झाडं कापणारी टोळी एकच. तिचा मुकादम मी. तळ्यात पडलेली फांदी ओढून काढत होतो, तेवढ्यात ड्रायव्हरने फोन आणून दिला. पलीकडे मोठ्या बागेचा पहारेकरी होता.

"मुकादम, तुमचं पिवळ्या पट्ट्याचं झाड मोडलं. वरचा अर्धा भाग खाली आलाय."

मी विचारलं, "पिल्लं वाचली का?"

तो म्हणाला, "पिल्लं आहेत हो. वहिनी गेल्या."

माझी बायको रोज सकाळी त्याच बागेत असायची. मला ते माहीत होतं. तरी मी आधी पिल्लांचं विचारलं.

आमच्याकडे कापायच्या झाडाला लाल पट्टा मारतात. ढोलीत घरटं असेल तर त्यावर पिवळा पट्टा मारायचा आणि पिल्लं उडेपर्यंत थांबायचं. तेवढे दिवस झाडाभोवती दोर बांधायचा, झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर. हे झाड चाळीस फुटांचं होतं, वाळलेलं. म्हणजे दोर साठ फुटांवर. मी स्वतः लोखंडी सळया ठोकून तो बांधला होता.

ढोलीत पिंगळ्याची तीन पिल्लं होती. ती हिनेच शोधली. ही त्या बागेत म्हाताऱ्या बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायची. खात्याचाच वर्ग, पण पगार नाही, फक्त एक टोपी आणि एक शिट्टी. व्यायाम अर्धा तास आणि गप्पा एक तास. गप्पांचा बाक त्या झाडापासून तीस फुटांवर होता, म्हणजे माझ्या दोराच्या आत.

पहिल्याच दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "अहो, तुमच्या दोरापायी माझ्या म्हाताऱ्या उभ्या राहून गप्पा मारतात. एकीचा गुडघा, दुसरीची कंबर, तिसरीचं दोन्ही."

"पलीकडच्या बाकावर बसा."

"तिथे ऊन येतं."

"नियम आहे."

"घरी कुठला नियम पाळता? ओला टॉवेल अजून पलंगावर पडलाय."

चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी मी जाता जाता सळया उपटल्या आणि पंचवीस फुटांवर ठोकल्या. बाक बाहेर आला. मोजून अर्ध्या तासाचं काम. टोळीला सांगितलं नाही, वहीत लिहिलं नाही. हिने संध्याकाळी चहा दिला तेव्हा नुसती हसली. टॉवेल तिनेच उचलला होता.

ती नेहमी सगळ्यांच्या आधी जायची, बाक पुसून ठेवायला. त्यामुळे झाड मोडलं तेव्हा ती एकटीच होती. लोक धावत आले, त्यांनी फांद्या ओढल्या, दोर तोडला, सळया उपटून फेकल्या. त्या गडबडीत दोर कुठे होता हे कुणी बघितलं नाही. म्हाताऱ्यांना तर कुणी विचारलंच नाही.

आठवड्याने साहेबांनी ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नाही. स्वतः उठून मला खुर्ची दिली.

"दोर साठ फुटांवर होता ना?"

मी मान डोलावली.

"मग बाक आत येतो. म्हणजे वहिनी दोर ओलांडून गेल्या." त्यांनी तसं लिहिलं. "मुकादम, तुमच्यावर काही यायला नको. वहिनींना आता काय फरक पडणार आहे?"

मी सही केली.

उरलेलं खोड लगेच पाडा, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, पिल्लं उडू द्या. ढोली खालच्या खोडात होती, तिला काही झालं नव्हतं. एवढं एकच मी त्या दिवशी धड बोललो.

अहवालाची प्रत घरी आली ती लेकीने वाचली. ती कामाच्या गावाहून येऊन राहिली होती. वाचून झाल्यावर तिने कागद माझ्यासमोर ठेवला.

"आई रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबायची. मला चारचौघांत हात धरून मागे ओढायची. आणि इथे सरळ दोर ओलांडून गेली? कशासाठी, बाकासाठी? माझा विचार एकदाही आला नाही तिच्या डोक्यात?"

मी ताटातली भाजी चिवडत बसलो.

आईची शिट्टी तिला हवी होती, तिने आधीच मागून ठेवली होती. जाताना ती टेबलावरच ठेवून गेली.

महिन्याभराने पहारेकऱ्याने कळवलं, तिन्ही पिल्लं उडाली. मी लाल पट्टा मारला आणि लेकीला फोन केला, कापायच्या आधी बघायचं असेल तर ये. ती आली. खोडापासून बाकाच्या जागेकडे चालत गेली. बाक उचलून नेला होता, फक्त चार पायांच्या खुणा होत्या. त्याच्या अलीकडे ती थांबली.

"बाबा, हे भोक कसलं?"

"सळईचं."

ती वाकून बघत पुढे गेली. सात-आठ फुटांवर दुसरं, मग तिसरं. सगळी गोलात. जमीन टणक होती, भोकं तशीच राहिली होती. तिने खोडाकडे बघितलं, मग बाकाच्या खुणांकडे.

"दोर इथे होता?"

"हो."

"कुणी आणला इथे?"

तुझ्या आईने सांगितलं म्हणून, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. ते मी गिळले. "मी आणला. ती दोराच्या बाहेर होती. तिने काही ओलांडलं नाही."

लेक खाली बसली, तिथेच जमिनीवर. बराच वेळ भोकात बोट घालून बसली होती. रडली नाही.

"महिनाभर मी तिला शिव्या घालतेय," ती म्हणाली. मग उठून कपडे झटकले. "साहेबांना सांगा. मला नका सांगू, त्यांना सांगा."

"सांगतो."

"कधी?"

त्या दिवशी साहेब रजेवर होते. दुपारी मी झाड कापलं. टोळीतल्या कुणाला करवत धरू दिली नाही. लेकीने शिट्टी नेली. माझ्याशी ती तेव्हापासून बोललेली नाही.

साहेब सोमवारी कामावर आले. त्याला आता अकरा दिवस झाले. दोनदा मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय. अहवालात अजून लिहिलेलं आहे की ती दोर ओलांडून आत गेली, आणि खाली माझी सही आहे.