जिंकेल त्यानं चहा करायचा

ईशानीच्या कामाला मराठीत नाव नव्हतं, आणि इंग्रजीत जे होतं ते तिचे बाबा चारचौघांत घेत नसत. खरे पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळायची जी ठिकाणं असतात, ज्यांना त्या धंद्यात 'रूम' म्हणतात, त्यांची ती परीक्षा घ्यायची. साध्या गिऱ्हाइकासारखं खातं उघडायचं, थोडे पैसे भरायचे, आठवडाभर खेळायचं, पैसे काढून बघायचे, एखादी तक्रार करून बघायची, आणि मग ब्रिस्टलमधल्या एका वेबसाइटवर त्या रूमला पाचपैकी तारे द्यायचे. लोक त्या ताऱ्यांवर विसंबून कुठे खेळायचं ते ठरवत. काम ती चोख करायची. इतकी चोख, की पुढे जे घडलं त्यात तिच्या कामावर बोट ठेवायला कुठे जागा नव्हती, आणि तेच तर दुखणं होतं.

बाबा म्हणजे डॉक्टर पद्माकर टिपणीस. लंडनमधल्या हॅरोत राहणारे, निवृत्त भूलतज्ज्ञ. लेकीनं ही नोकरी धरली तेव्हा ते एकदाच बोलले होते, "जुगाराची परीक्षा कसली घ्यायची? तो नापासच असतो." बोलून मोकळे झाले, पण लेकीला ते झोंबलं. त्यानंतर कामाचा विषय दोघांत निघाला नाही. आई, अनुराधा, होती तोवर इकडचं तिकडे पोचवायचं काम ती करायची. दोन हिवाळ्यांमागे आई गेली, आणि बापलेकीत बोलायला उरलं काय, तर 'जेवलात का' आणि 'थंडी आहे का'.

या मार्चमध्ये ईशानीकडे एक नवी रूम आली. तिथे स्वतःचं टोपणनाव घेता येत नसे. रूमच ज्याला त्याला एकेका पक्ष्याचं नाव चिकटवायची. ईशानीला मिळालं रेड काइट. ती मुद्दाम अगदी चिल्लरच्या टेबलावर बसली, कारण बॉट तिथेच फार. बॉट म्हणजे माणसाच्या नावानं खेळणारा प्रोग्राम. आपण माणूस समजून खेळावं आणि पलीकडे यंत्र निघावं, याहून मोठी फसवणूक पोकरमध्ये नाही. रूम असे बॉट पकडते की नाही, याला तिच्या परीक्षणात सगळ्यांत जास्त वजन.

संध्याकाळच्या बातम्या संपल्या की बाबांचा फोन यायचा.

"बिझी आहेस का गं?"

"हो बाबा, वर्किंग आहे. वीकेंडला कॉल करतो ना."

"करते," बाबा म्हणायचे.

"हं, तेच. करते."

ईशानीचा जन्म हॅरोचा, शाळा हॅरोची. मराठीतलं तो, ती, ते तिच्या हाती कधी लागलं नाही आणि बाबांनी दुरुस्त करायचं कधी सोडलं नाही. फोन ठेवून ती टेबलावर जाऊन बसायची. थोड्याच वेळात तिथे ग्रे हेरॉन यायचा.

हा हेरॉन तिला पहिल्याच दिवशी खटकला. आल्याबरोबर चॅटमध्ये तेच वाक्य: "गुड इव्हनिंग, एव्हरीबडी." पत्ते कसेही येवोत, प्रत्येक चालीला तो तेवढाच वेळ घ्यायचा. माणूस चांगल्या पानाला घाई करतो, वाईटाला रेंगाळतो; याचं काहीच नाही. डाव जिंकला की पुन्हा ठरलेलं वाक्य: "आय शाल मेक द टी." चहा मी करीन. हरणाऱ्याला चिडवायची ही कुठली तरी नवी तऱ्हा असावी असं तिला वाटलं. कधी कधी बोली वाढवत नेऊन, म्हणजे हातात बरी पानं असणारच अशा वेळी, तो पानं टाकून डाव सोडून द्यायचा, तेही नेमकं रेड काइटसमोर. हे कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

त्याच टेबलावर पफिन नावाची एक बाई होती. ती स्वतःला हल गावची बार्बरा म्हणवायची. एकदा तिनं हेरॉनला विचारलं, बाग कशी आहे? उत्तर नाही. दोन डाव उलटून गेले, गप्पा फुटबॉलवर गेल्या, आणि मग मध्येच हेरॉन म्हणाला, गुलाब ठीक आहेत, थँक यू. दुसऱ्या दिवशी बार्बरानं आपल्या नवऱ्याबद्दल, केनबद्दल, बरंच लिहिलं. केन गेला त्याला वर्ष झालं होतं. हेरॉन गप्प. बऱ्याच वेळानं, कुणी भलत्याच एका विनोदावर हसत असताना, त्याचे दोन शब्द आले: "आय अंडरस्टँड."

ईशानीनं नोंद केली, प्रश्न आणि उत्तर यांचा मेळ नाही, वाक्यं आधीच भरून ठेवलेली दिसतात.

हेरॉननं तिलाही बोलतं करायचा प्रयत्न केला होता. वेलकम, रेड काइट, तुम्ही कुठल्या? पण परीक्षकानं टेबलावर बोलायचं नाही हा तिचा स्वतःचा नियम. तिनं उत्तर दिलं नाही. तो रोज विचारायचा आणि ती रोज गप्प राहायची.

आठवडा संपताना तिनं रीतसर तक्रार केली: ग्रे हेरॉन हा बॉट असल्याचा संशय. सोबत त्याच्या चालींच्या वेळा आणि ती ठरलेली वाक्यं जोडली. हीसुद्धा परीक्षाच, तक्रार केल्यावर रूम किती चपळाईनं हलते ते बघायचं होतं. रूम हलली. हेरॉनकडे पुरावा मागितला गेला, त्यानं उत्तर दिलं नाही, आणि दोन दिवसांत खातं बंद झालं. टेबलावर जाहीर सूचना लागली, की ग्रे हेरॉन माणूस नव्हता. त्याच्याशी हरलेल्यांचे पैसे परत मिळतील. ईशानीनं सुरक्षिततेला पाचपैकी पाच तारे दिले आणि हेरॉनचं उदाहरण परीक्षणाच्या वरच टाकलं. तिची बॉस सारा म्हणाली, ब्रिलियंट.

त्याच आठवड्यात बाबांचा संध्याकाळचा फोन यायचा थांबला.

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला. मग धास्ती वाटायला लागली. शनिवारी तिनं पॅडिंग्टनची गाडी धरली आणि पुढे मेट्रोपॉलिटन लाइननं हॅरो गाठलं.

बाबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली होती. हा माणूस नाइट ड्यूटीवरून आल्यावरसुद्धा आधी दाढी करायचा. त्यांनी खिचडी केली, पापड भाजला, ब्रिस्टलला पाऊस आहे का विचारलं. जेवण झाल्यावर लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

"बघ बरं जरा. मला आत घेत नाहीयेत."

"कुठे आत?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. "तुला हसायचं तर हस. मी थोडं पोकर खेळत होतो. चिल्लर गं, पेनीज. तुझी आई गेल्यावर तुझी वेबसाइट वाचायला लागलो. तू लिहितेस काय ते ओ की ठो कळेना. म्हटलं, लेक काय करते ते आपल्याला कळू नये? म्हणून शिकलो. मग ती माणसं आवडायला लागली."

ईशानीनं स्क्रीनकडे पाहिलं. वर करड्या अक्षरांत नाव होतं, ग्रे हेरॉन. खाली लिहिलं होतं, खातं कायमचं बंद.

तिनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

टिपणिसांच्या घरात रविवारी रमी व्हायची. तिघंच खेळायची, पण बाबा जिंकले की आठवडाभर मिरवायचे, म्हणून आईनं नियम काढला होता: जिंकेल त्यानं चहा करायचा. उगाच फुशारकी नको, उठा आणि आधण ठेवा. जिंकणारा "चहा मी करतो" म्हणत उठायचा आणि तिथे डाव मिटायचा. आणि बाबा कुठलंही पान टाकण्याआधी मनातल्या मनात दहापासून उलटे आकडे मोजायचे. पेशंटांना मोजायला लावून लावून जडलेली सवय होती ती. रस्ता ओलांडतानासुद्धा ते मोजायचे. लहानपणी त्यांचा हात धरून ईशानीही मोजायची. हे सगळं तिला पाठ होतं. पण घरचंच वाक्य इंग्रजी होऊन समोर आलं, तर तिला ते ओळखूच आलं नाही.

"बाबा, त्यांनी ईमेल पाठवला असेल ना? प्रूफ मागायला?"

"आले होते की दोन-तीन. पासपोर्टचा फोटो पाठवा, खेळताना हातांचा व्हिडिओ काढून पाठवा. मी डिलीट केले. तूच नाही का बजावलंस, पासपोर्ट मागणारे ईमेल आले की उघडायचे नाहीत, थेट डिलीट?"

बजावलं होतं खरं. आई गेल्यावर एकदा, फोनवर, घाईघाईत. तिचं एवढं एकच सांगणं त्यांनी अक्षरशः पाळलं होतं.

दुपारभर ती रूमच्या मदतकक्षाशी भांडत बसली. ते नम्र होते. निर्णय अंतिम आहे, म्हणाले. फेरविचाराची सोय नाही. माणूस चुकून पकडला गेला तर त्यानं कुठे जायचं, हे तिनं परीक्षणात तपासलंच नव्हतं. तो रकाना तिच्या तक्त्यात नव्हता.

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. "मी रोबो आहे म्हणे. आता या वयात हेही झालं." हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "कुणीतरी तक्रार केली असणार. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. मी टाइप करायला इतका वेळ लावतो. बार्बरानं नवऱ्याचं सांगितलं तेव्हा मला किती लिहायचं होतं. एका बोटानं एकेक अक्षर शोधत बसलो, तोवर विषय बदलला. शेवटी सगळं पुसून दोन शब्द पाठवले."

ईशानीला आता गप्प बसवेना.

"बाबा, तो कंप्लेंट मी केला."

बाबांनी दुरुस्त केलं नाही. त्यांच्या मनात आकडे चालले असतील, दहा, नऊ, आठ. तिला वाटलं आता काय बोलतील ते बोलोत, आपली तेवढी लायकी आहेच.

"म्हणजे तू होतीस तिथे?"

"हो. काम होता."

"कुठला पक्षी?"

"रेड काइट."

"अगं, तो!" बाबा खुर्चीत सरसावून बसले. "तो कधी बोलायचाच नाही. मला वाटायचं, बिचारा फार एकटा आहे. त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी चांगली पानंसुद्धा टाकून दिली त्याच्यापुढे. तू होतीस होय ती?"

ईशानीनं मान हलवली.

"म्हणजे आठवडाभर आपण रोज संध्याकाळी भेटत होतो की!"

आणि त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. रागाचा, दुःखाचा मागमूस नव्हता त्यात. मुलगी रोज येऊन बसत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, एवढाच त्यांना आनंद. ते रागावले असते तर ईशानीनं सोसलं असतं. हा आनंद तिला सोसेना. ती टेबलावर डोकं टेकून लहानपणी रडायची तशी रडली, आणि बाबा तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

"पुरे आता. त्या बार्बराला कळवता येईल का? तिला काय वाटत असेल?"

बातम्या संपायची वेळ झालीच होती. दुसऱ्याच्या खात्यावरून लिहिणं रूमच्या नियमात बसत नाही, हे ईशानीनंच परीक्षणात शाबासकी देऊन लिहिलं होतं. तरीही तिनं रेड काइटचं खातं उघडून लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. बार्बरा टेबलावर होती. कुणाशी तरी बोलत होती. मला पैसे परत मिळाले, तिनं लिहिलं होतं. त्या यंत्राला मी माझ्या केनबद्दल सगळं सांगितलं होतं. किती मूर्ख मी.

बाबांनी चष्मा पुसला. "मी लिहितो. माझं मी लिहितो, तू नको." आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "आणि जिंकली होतीस ना माझ्याशी? मग ऊठ. चहा तुझ्याकडे."

स्वयंपाकघरात ओट्यावर एकच कप उपडा होता. दुसरा तिनं कपाटातून काढला. त्याच्यावर धूळ होती, तो धुतला. आधण ठेवलं.

"बाबा, साखर किती?"

"सोडली की गं केव्हाच."

केव्हा, हे तिला विचारवलं नाही.

चहा घेऊन ती आली तेव्हा बाबा वाकून एका बोटानं अक्षर शोधत होते. डियर बार्बरा, आय ॲम डॉक्टर टिपणीस, असं झालं होतं, आणि पुढे केनचं नाव आलं होतं. पण पडद्यावरच्या टेबलावर बार्बराच्या जागी आता दुसराच कुणी पक्षी बसला होता. ती केव्हा उठून गेली ते बाबांना कळलं नव्हतं; त्यांची नजर कीबोर्डवर होती.

"झालंच," ते म्हणाले. "आज तिला नीट सगळं लिहितो."

ईशानीनं कप त्यांच्या हाताशी ठेवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. बार्बरा गेली हे तिनं त्यांना सांगितलं नाही. ते लिहीत राहिले, आणि चहा निवत गेला.