खुर्ची खाली ठेवा

फेंगशुईवाल्या मयुरामॅडम नाशिकला बसतात आणि झाशीतल्या ऑफिसचं नशीब मोबाईलवर बघतात. बघू देत बापड्या. पण त्यांच्या एका शब्दापायी माझी नोकरी जायला निघाली होती, म्हणून सांगते.

झाशीजवळच्या बिजौलीत आमचा कारखाना आहे. प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या तिथे बनतात आणि बाहेर जाऊन गळतात. साचा जुना झालाय, टाकीच्या तळाला चीर जाते, एवढी साधी गोष्ट. आमचा फिटर भूषण हे सांगून थकला, मी सांगून थकले. पण आबासाहेब गेल्यापासून मालक त्यांचा मुलगा पियूष. त्याने साचा बदलला नाही, बेडूक आणला. सोनेरी, तीन पायांचा, तोंडात नाणं धरलेला. दाराकडे पाठ करून बसवला की लक्ष्मी आत येते म्हणे. मागोमाग बांबू आला, घंटा आल्या, आणि खिडकीतला कूलर काढून तिथे आरसा लागला. भर मे महिन्यात, झाशीत. आम्ही घाम पुसायचो आणि आरशात स्वतःला घाम पुसताना बघायचो.

पियूषला घराण्याचा भारी तोरा. पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, त्यामुळे जो भेटेल त्याला तो ऐकवतो, ‘‘आमची मराठी असली आहे.’’ मराठीत याचा काय अर्थ होतो ते मी त्याला कधी सांगितलं नाही. मी रेल्वेवाल्याची मुलगी, भुसावळहून आलेली. माझ्या मराठीला तो ‘क्वार्टरवाली मराठी’ म्हणतो. म्हणू दे.

एका सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला, हात मागे बांधून.

‘‘कल्याणीताई, बुरा मानू नका. मॅडमनी ऑफिस बघितलं. म्हणाल्या, दारासमोरची ती खुर्ची खालीच ठेवा.’’

दारासमोरची खुर्ची माझी. इथे घरोघर आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरलीय की खाली म्हणजे रिकामी, हे मीही मुकाट्याने घेतलं.

‘‘मग मी कुठे बसू?’’

‘‘घरीच बसा ना थोडे दिवस. दिवाळीनंतर बघू.’’

दिवाळीनंतर बघू म्हणजे काय, ते नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. यजमान गेल्यापासून माझं घर या खुर्चीवर चालतं. आबासाहेबांच्या वेळेपासून मी तिथे बसून फोन घेत आले. मोठ असो की चिरगाँव, कुठल्याही गावचा दुकानदार गळक्या टाकीसाठी शिव्या द्यायला लागला की मी ऐकून घ्यायची, त्याला शांत करायची आणि भूषणला तिकडे धाडायची. आणि माझी जागा बेडकाला अडचणीची झाली. त्या दिवशी डबा न उघडता मी टेम्पोत बसले आणि घरी येऊन ढसाढसा रडले. राग पियूषचा नव्हता, तो मुळातच बिनडोक. राग माझा मलाच आला, की मी निमूट उठले.

आठवड्याने माझी उशी आणि पाण्याची बाटली आणायला गेले. पियूष खुशीत होता.

‘‘बघा ताई, असर! खुर्ची खाली केली आणि एक कम्प्लेंट नाही!’’

मी टेबलाकडे बघितलं. फोनचा लाल दिवा लुकलुकत होता. घंटी बंद. भूषण दारातून म्हणाला, ‘‘मॅडमनी सांगितलं, आवाजाने ऊर्जा बिघडते. म्हणून पियूषभैयांनी बंद केली. आणि त्या खुर्चीजवळ जायची मनाई आहे.’’

फोन उचलायचा नाही आणि तक्रार आली नाही म्हणून पेढे वाटायचे. याला डोकं कुणी दिलं आणि कशासाठी, देव जाणे.

तेवढ्यात मयुरामॅडमचा व्हिडिओ कॉल आला. पियूषने मोबाईल सगळीकडे फिरवला: आरसा, बांबू, बेडूक, माझी खुर्ची.

‘‘अहो, ही खुर्ची अजून खाली का नाही केली?’’ त्या म्हणाल्या.

‘‘खालीच तर आहे मॅडम. आठवडा झाला, कोणीच बसत नाही.’’

‘‘बसू नका असं कोण म्हणालं? खाली म्हणजे बुटकी करा हो. बसणाऱ्याची नजर दाराच्या कडीच्या वर जायला नको. खुर्चीला दांडी असते ना, ती दाबायची!’’

भूषण आरशाकडे तोंड करून हसत होता आणि आरशात ते सगळ्यांना दिसत होतं. पियूषने कॉल कापला.

‘‘मराठीत दोन्ही अर्थ होतात,’’ तो म्हणाला.

‘‘असल्या मराठीत होत असतील,’’ मी म्हटलं.

मग मी वाकून दांडी दाबली. खुर्ची फुस्स करत खाली गेली. फोनची घंटी चालू केली, तर तो लगेच वाजला. मी उचलला. मोठचा दुकानदार होता, आणि आठवडाभराचं एकदम बोलत होता.

‘‘पियूषभैया, तुमचा फोन. खाली बसा.’’

तो बसला. टेबल त्याच्या छातीला आलं. पलीकडच्या शिव्या मला उभ्या उभ्या ऐकू येत होत्या. आपल्या टाक्या गळतात हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं. फोन तळव्याने झाकून त्याने माझ्याकडे बघितलं. तोंड पार उतरलं होतं.

‘‘ताई, विचारतोय, आठ दिवस फोन का नाही उचलला. काय सांगू?’’

‘‘सांगा, खुर्ची खाली होती. हिंदीतच सांगा, त्याला बरोबर कळेल.’’

त्याने तसंच सांगितलं. पलीकडून जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवून तो उठला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

‘‘उद्यापासून या.’’

‘‘आजपासून,’’ मी म्हटलं, खुर्ची होती तेवढी उंच करून घेतली आणि बसले.