राहिलेला फटका

बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या डोक्यावर चढतो. म्हणून बाबा आधी त्याच्या कानशिलात ठेवून द्यायचे आणि तो ढिला पडला की मागून काखेत हात घालून ओढत आणायचे. "पयलो मारूचो, मगे धरूचो," असं म्हणायचे. त्यांचं नाव लवू. मूळचे मालवणकडचे, अंधेरीत रिक्षा चालवत. वर्सोव्याला कुणी बुडतंय असं कळलं की रिक्षा तिथेच सोडून पाण्यात. याचे पैसे त्यांना कुणी देत नव्हतं, त्यांनी मागितलेही नाहीत.

मे महिन्यात एका कॉलेजच्या मुलाला त्यांनी असंच बाहेर काढलं. वाळूवरच्या त्याच्या मित्रांना फक्त फटका दिसला होता.

"आमच्या भावाला मारतो काय रे, म्हाताऱ्या?"

त्यांनी बाबांना लाथांनी तुडवलं. बरगड्या मोडल्या, दात वाळूत पडले. वाचलेला मुलगा शेजारीच ओकत होता. हॉस्पिटलचं बिल आम्ही भरलं.

घरी आल्यावर आईने त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "शपथ घेवा. परत कोणाक मारूचा नाय."

"न मारता काढतलंय कसो?"

"मगे काढू नुकात!"

मारता येणार नाही म्हटल्यावर ते पाण्यात उतरणारच नाहीत, असं तिला वाटलं. बाबांनी शपथ घेतली.

ऑक्टोबरात मी त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर होते. एक माणूस लाटांत हात झाडत होता. बाबा गेले. त्यांची मूठ वर गेलेली मी पाहिली, आणि तशीच खाली आलेली. त्या माणसाने त्यांचे केस धरले, चेहऱ्यात नखं रोवली, खांद्यांवर गुडघे दिले. होडी पोचली तेव्हा तो बाबांवर चढलेला होता. बाबांना भरतीने आणून दिलं. गालांवर नखांचे चर तसेच होते.

तेराव्यानंतर होडीने वाचवलेला तो माणूस घरी आला. विद्याधर नाव, चाळिशीचा. त्याने पाकीट पुढे सरकवलं.

"काकी, जो काही खर्च झाला असेल..."

आई उठली आणि तिने सगळ्या ताकदीनिशी त्याच्या कानशिलात मारली. चष्मा भिंतीवर फुटला. त्याच्या ओठातून रक्त आलं. मी जागची हलले नाही.

"ह्यो फटको तेंचो," आई म्हणाली. "रवलेलो."

तो खुर्चीतून ढिला होऊन घसरू लागला. जमिनीवर पडायच्या आत आईने मागून त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला धरून ठेवलं.